शंका-समाधान : २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे कशावरून?

गेल्या अंकातल्या कोड्यात एकच प्रश्न विचारला होता : २१४७४८३६४७ ही संख्या मूळ की संयुक्त? बहुतेकांनी 'मूळ' असं बरोबर उत्तर कळवलं. पण पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या पत्रांत उत्तरांपेक्षा शंका जास्त होत्या, आणि त्या नेमक्या होत्या. त्यांतल्या काही इथे घेत आहोत.

छपाईच्या सोयीसाठी २ चा ३१ वा घात २^३१ असा लिहिला आहे. कोड्यातली संख्या म्हणजे २^३१ − १. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. सतराव्या शतकातल्या मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव त्यांना मिळालं आहे.

स्विस गणिती ऑयलरने १७७२ मध्ये ही संख्या मूळ असल्याचं दाखवलं, असं तुम्ही लिहिलंत. तेव्हा यंत्र नव्हतं. मग ४६ हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी त्याने भागून पाहिलं का?
— निवृत्त शिक्षिका, डिचोली

नाही. ४६ हजारांचा आकडा तुम्ही बरोबर काढलात : संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं, आणि तिथपर्यंत एकही विभाजक सापडला नाही तर पुढे शोधायची गरज उरत नाही. पण तिथवरच्या मूळ संख्या साडेचार हजारांहून अधिक आहेत. ऑयलरने भागाकाराला बसण्याआधी दोन चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी. समजा, क्ष हा आपल्या संख्येचा मूळ विभाजक आहे. मग २^३१ ला क्ष ने भागल्यावर बाकी १ राहते. २ च्या ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते, त्याचा घातांक ३१ चा विभाजक असावा लागतो. ३१ स्वतः मूळ आहे, म्हणून तो घातांक १ किंवा ३१. १ असूच शकत नाही, कारण मग २ − १ म्हणजे १ ला क्ष ने भाग जायला हवा. तेव्हा तो ३१ च. दुसरीकडे, फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार २^(क्ष − १) ची बाकीही १ येते. म्हणून क्ष − १ ला ३१ ने भाग जातो. क्ष विषम आहे, त्यामुळे क्ष − १ सम आहे आणि त्याला ६२ नेही भाग जातो. म्हणजे विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीत १ मिळवून येणारा असणार. ३, ५, ७, ११, १३ यांच्याकडे बघायचंही कारण नाही.

दुसरी चाळणी. २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे, आणि त्याला क्ष ने भागल्यावर बाकी २ राहते. ज्या विषम मूळ संख्येने एखाद्या वर्गाला भागून बाकी २ येऊ शकते, तिला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते.

दोन्ही अटी एकत्र करा. ६२ आणि ८ यांचा लसावि २४८. उमेदवार फक्त दोन साखळ्यांतले : २४८ च्या पटीत १ मिळवून येणारे आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारे. ४६३४० पर्यंत प्रत्येक साखळीत १८६, एकूण ३७२. त्यांतलेही बरेच भागाकाराविना गळतात : २४९ म्हणजे ३ × ८३, ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३. सुरुवातीचे खरे उमेदवार ३११, १३०३ आणि १४८९. चिकाटीच्या माणसाला कागद-लेखणीने पुरं होईल एवढंच हे काम आहे.

वर्गात करून दाखवायचं तर ३११ घ्या. ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, म्हणून बाकी ३५. या पद्धतीत एक धोका आहे : एखादा भागाकार चुकला तर खरा विभाजक हातून निसटेल आणि पुढचा कुठलाही आकडा ते सांगणार नाही. म्हणून प्रत्येक बाकी दुसऱ्या वाटेने पडताळा. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी. ५५ चा वर्ग ३०२५, त्यातून ३११ × ९ = २७९९ वजा केले की २२६, म्हणजे ३११ ला ८५ कमी. ही २^१६ ची बाकी. ८५ चा वर्ग ७२२५, त्यातून ३११ × २३ = ७१५३ वजा केले की ७२. ही २^३२ ची. निम्मी केली की २^३१ ची बाकी ३६, आणि १ वजा केला की ३५. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आलं. १३०३ साठी बाकी २२६ यायला हवी. मुलांना ते करायला द्या.

मी सी भाषेत मूळ संख्या तपासण्याचा प्रोग्राम लिहिला. १०००००७ साठी तो बरोबर 'मूळ नाही' म्हणतो, ९७ साठी 'मूळ' म्हणतो. पण २१४७४८३६४७ साठी बराच वेळ घेऊन 'मूळ नाही' असं चुकीचं सांगतो. तर्क तर तोच आहे!
— बारावीचा विद्यार्थी, पेडणे

तर्क बरोबर आहे, कमी पडतेय ती जागा. तू भाजकासाठी आणि संख्येसाठी इंट हा पूर्णांक साठवायचा प्रकार वापरला आहेस, आणि लूपची (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाची) अट 'भाजकाचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा मोठा नसेपर्यंत' अशी ठेवली आहेस. ३२ बिटांच्या इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच, २१४७४८३६४७.

आता भाजक ४६३४० असताना काय होतं बघ. त्याचा वर्ग २१४७३९५६००, तो मावतो. पुढचा ४६३४१, त्याचा वर्ग २१४७४८८२८१. तो मावत नाही. बहुतेक संगणकांवर तो फिरून −२१४७४७९०१५ असा ऋण होतो. इथे लूप थांबायला हवा होता, पण ऋण संख्या दिलेल्या संख्येपेक्षा लहानच, म्हणून तो पुढे जातो. किंबहुना इंटमधली कुठलीच संख्या २१४७४८३६४७ पेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे तुझी अट कधीच खोटी ठरणार नाही. भाजक वाढत वाढत शेवटी २१४७४८३६४७ ला पोचतो, संख्येला स्वतःनेच पूर्ण भाग जातो, आणि प्रोग्राम 'विभाजक सापडला' म्हणतो. वेळ लागतो तोही याचमुळे.

उपाय दोन. अट गुणाकाराऐवजी भागाकाराने लिही : 'भाजक, संख्या भागिले भाजक यापेक्षा मोठा नसेपर्यंत'. किंवा दोन्ही चलं लाँग लाँग या मोठ्या प्रकाराची कर. पहिला उपाय आम्हाला जास्त पसंत आहे, कारण मोठा प्रकार घेतला तरी त्याच्या टोकाला हीच अडचण पुन्हा येते. १ आणि २ या किमती मात्र लूपच्या आधी वेगळ्या हाताळ.

ही संख्या संगणकाच्या मर्यादेवर येते ते एक चिन्हाचं आणि ३१ अंकांचे असे बिट असतात म्हणून. ती मूळही आहे, हा योगायोग. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटांच्या मर्यादेला, २^६३ − १ ला, ७ ने भाग जातो.

एक सोपी युक्ती सापडली आहे. २^न मधून २ वजा करा. उरलेल्या संख्येला न ने पूर्ण भाग गेला तर न मूळ, नाही तर संयुक्त. मी ३०० पर्यंत ताळा घेतला, एकदाही चुकलं नाही. छापाल का?
— वाचक, काणकोण

अर्धी बाजू पक्की आहे : भाग गेला नाही तर न संयुक्तच. उलट बाजू मात्र तुम्ही जिथे थांबलात त्याच्या थोडंसं पुढे मोडते. ३४१ घ्या. २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २^३४० ची बाकी १ आणि २^३४१ ची बाकी २. तुमच्या कसोटीनुसार ३४१ मूळ ठरते. प्रत्यक्षात ती ११ × ३१ आहे. ३४१ च्या आत असं एकही उदाहरण नाही, म्हणून तुमचा ताळा चुकला नाही.

मर्सेन संख्यांसाठी तर २ हा पाया (म्हणजे कसोटीत जिचा घात घेतो ती संख्या) मुळीच उपयोगाचा नाही. २०४७ = २^११ − १ घ्या. २^११ ची बाकी इथे आपोआप १ आहे आणि २०४६ ही ११ ची पट आहे, त्यामुळे ती कसोटीला उतरते; पण २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असेल तर अशी प्रत्येक संख्या या कसोटीतून सुटतेच. पाया ३ घेतला की २०४७ पकडली जाते. पण पाया बदलूनही काही संख्या हट्टाने सुटतात. रामानुजनमुळे सगळ्यांना माहीत असलेली १७२९ = ७ × १३ × १९ तशीच आहे : जिच्याशी सामाईक विभाजक नाही असा कुठलाही पाया घ्या, ती मूळ असल्याचाच भास देते.

संख्या संयुक्त आहे असं म्हणायचं तर विभाजक दाखवायला नको का? विभाजक न सापडता 'संयुक्त' म्हणणं हा निव्वळ अंदाज नव्हे का?
— वाचक, मडगाव

अंदाज नव्हे, ती पक्की सिद्धता असू शकते. मोठ्या मूळ संख्यांचं सगळं शास्त्र या फरकावर उभं आहे. मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीत २^६७ − १ ही संख्या मूळ म्हणून होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणिती एद्वार ल्युका याने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण विभाजक त्याच्याकडे नव्हते. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. वरच्या उत्तरातली चाळणी इथे लावून बघा : १९३७०७७२१ म्हणजे १३४ ची १४४५५८० वी पट अधिक १. पहिला विभाजक इतका आत दडलेला होता. २^१२७७ − १ या ३८५ अंकी संख्येबाबत तर हे लिहीपर्यंत तीच स्थिती आहे : संयुक्त हे नक्की, पण एकही विभाजक हाती नाही.

ल्युकाच्या कसोटीला १९३० च्या सुमारास अमेरिकन गणिती लेहमर यांनी आजचं सुटसुटीत रूप दिलं. कृती अशी : ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्या. त्या बाकीवर पुन्हा तेच. संख्या २^प − १ असेल तर हे प − २ वेळा करायचं. शेवटी बाकी ० आली तर संख्या मूळ, दुसरं काहीही आलं तर संयुक्त. इथे 'बहुधा' नाही, दोन्ही बाजूंनी निर्णय पक्का.

१२७ = २^७ − १ वर करून बघू. पायऱ्या पाच. ४ → १४ → १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग वजा २ = ४४८७, बाकी ४२. पुढे १७६२, बाकी १११. पुढे १२३१९, बाकी ०. मूळ.

यात भागाकार करायची गरजच नाही, हे मर्सेन संख्यांचं मोठं वैशिष्ट्य. १२८ ला १२७ ने भागून बाकी १ येते, म्हणून ४४८७ चे १२८ चे गट पाडा : ३५ गट आणि ७ सुटे. बेरीज ४२, तीच बाकी. १७६२ मध्ये १३ गट आणि ९८ सुटे, बेरीज १११. संगणकाला तर एवढंही लागत नाही. द्विमान पद्धतीत लिहिलेल्या संख्येचे शेवटचे प अंक तोडायचे आणि उरलेल्या डाव्या भागात मिळवायचे.

हाताने करताना लोक चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. १२३१९ मध्ये ९६ गट आणि ३१ सुटे, बेरीज १२७. इथे पुष्कळजण '१२७ उरले, शून्य नाही' असं लिहून संख्या संयुक्त ठरवतात. बेरीज संख्येइतकीच आली तर ती शून्य धरायची. दुसरी चूक पायऱ्या मोजण्याची : सुरुवातीचा ४ हा पायरीत धरायचा नाही. तिसरी, एखाद्या पायरीत २ वजा करायला विसरणं. आणि प = २ ला ही कसोटी लागू नाही; ३ मूळ आहे हे आपल्याला तसंही माहीत आहे.

चूक झाली का, हे ओळखायची एक सुंदर खूण आहे. शून्याच्या आधीचं पद वाटेल ते असू शकत नाही. त्याचा वर्ग आणि २ यांची बाकी सारखी असते, आणि २ व २^(प + १) यांची बाकीही सारखीच. म्हणून ते पद २ च्या (प + १)/२ व्या घाताइतकं किंवा संख्येतून तो घात वजा केल्यावर उरेल तितकं असतं. १२७ साठी तो घात १६, आणि आपलं पद १११ = १२७ − १६. ३१ साठी क्रम ४, १४, ८, ० आणि ८ = २^३.

संयुक्त संख्येत काय होतं तेही पाहा. २०४७ साठी क्रम असा येतो : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नवव्या पायरीला १७३६, शून्य नाही, म्हणून संयुक्त. या दहा आकड्यांत २३ आणि ८९ यांचा मागमूसही दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

ल्युकाने १८७६ मध्येच २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला ठाऊक नव्हती.

चार कोटी अंकांची 'सर्वांत मोठी मूळ संख्या' सापडल्याचं वाचलं. एवढे अंक मोजले कसे? आणि याहून मोठी खरंच नाही का?
— वाचिका, म्हापसा

मोठ्या अनंत आहेत. ही 'माहीत असलेल्यांत' सर्वांत मोठी. ती २^१३६२७९८४१ − १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांट या अमेरिकन संशोधकाने ती शोधली. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'जिम्प्स' या सामूहिक शोधात ती सापडली. आजवर माहीत झालेल्या सगळ्या मर्सेन मूळ संख्यांत ती ५२ वी. तिच्याहून लहान सगळ्या तपासून झाल्यात असं मात्र नाही.

अंक मोजायला संख्या लिहावी लागत नाही, लॉगॅरिथम पुरतं. २ चा दहाच्या पायाचा लॉग ०.३०१०२९९९५६६४. त्याला १३६२७९८४१ ने गुणा : ४१०२४३१९.९४५३. पूर्णांकात १ मिळवा, ४१०२४३२० अंक. १ वजा केल्याने त्यात फरक पडत नाही. अपूर्णांकही टाकू नका. १०^०.९४५३ म्हणजे ८.८१ च्या पुढे, म्हणजे संख्येची सुरुवात ८८१ ने होते. लॉग किमान १२ दशांश स्थळांपर्यंत घ्या. चार स्थळांचं कोष्टक वापरलंत तर अंकांची संख्याच काही हजारांनी चुकेल.

शेवटचे दोन अंकही हाताने निघतात. २ च्या घातांचे शेवटचे दोन अंक (पहिला घात सोडून) दर २० घातांनी पुन्हा तेच येतात. १३६२७९८४१ ला २० ने भागून बाकी १, म्हणून २^२१ = २०९७१५२ पाहायचं. शेवट ५२, त्यातून १ गेला की ५१. सेकंदाला एक अंक या वेगाने अखंड वाचत बसलात तर ही संख्या संपायला सुमारे ४७५ दिवस लागतील.

मूळ संख्या अनंत आहेत याची सिद्धता मुलाला शिकवताना अडलो. सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १ ही नवी मूळ संख्या, असंच ना?
— पालक, वाळपई

नाही, आणि ही चूक फार पसरलेली आहे. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ३००३१ = ५९ × ५०९. युक्लिडचं म्हणणं एवढंच की त्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक गुणाकारात घेतलेल्या मूळ संख्यांच्या यादीबाहेरचा असतो, जसे इथे ५९ आणि ५०९.

तुमची दुसरी शंका, १ मूळ का नाही : १ ला मूळ धरलं तर १२ = २ × २ × ३ हे एकमेव अवयवीकरण राहत नाही, पुढे हवे तेवढे १ जोडता येतात.

घरच्या संगणकावर या शोधात भाग घेता येतो का? बक्षीसही असतं म्हणे.
— वाचक, साखळी

येतो. प्राइम९५ हा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. तो एक घातांक नेमून घेतो आणि मागे चालत राहतो. एका घातांकाला साध्या संगणकावर कित्येक दिवस लागतात, कारण कोट्यवधी वर्ग करायचे असतात आणि प्रत्येक वर्ग कोट्यवधी अंकांचा. हल्ली पहिली चाचणी पाया ३ ची असते, कारण तिच्यात वाटेतल्या चुका पकडता येतात. संख्या मूळ वाटली तर वेगळ्या यंत्रांवर आणि वेगळ्या प्रोग्रामने ल्युका-लेहमर कसोटी लावून खात्री करतात.

बिघडतं ते उष्णतेने आणि मेमरीच्या दोषाने. एक बिट उलटला तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया. आपल्याकडच्या दमट हवेत पंख्यावर धूळ चिकटून बसते. आधी ती साफ करा, मग प्रोग्राममधली 'टॉर्चर टेस्ट' रात्रभर चालवा. एक जरी चूक दाखवली तरी काम घेऊ नका. पावसाळ्यात वीज गेली तर घाबरू नका, प्रोग्राम अधूनमधून स्थिती जपून ठेवतो. खर्चाचा हिशेब मात्र आधी करा : १५० वॉट अखंड म्हणजे रोज ३.६ युनिट, महिन्याला १०८. नव्या शोधाला जिम्प्सचे ३००० डॉलर आहेत, आणि दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येला अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे दीड लाख डॉलर. त्यासाठी नव्हे, आवड असेल तरच यात उतरा.

बँकेच्या व्यवहारांच्या सुरक्षेसाठी हीच विक्रमी मूळ संख्या वापरतात का?
— बँक कर्मचारी, फोंडा

नाही. माहिती कुलूपबंद करण्याच्या आरएसए या पद्धतीत दोन मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर असतो आणि त्या दोन गुप्त. जगाला पाठ असलेली संख्या तिथे चालणार नाही, आणि चार कोटी अंक हाताळणंही परवडणार नाही. २०४८ बिटांच्या किल्लीसाठी साधारण ३०९ अंकी दोन संख्या लागतात. त्या अशा मिळवतात : यदृच्छेने तेवढी विषम संख्या घ्या, लहान मूळ संख्यांनी भागून पाहा, उरली तर मिलर-राबिन चाचणी वेगवेगळ्या पायांनी लावा. एका यदृच्छ पायाला संयुक्त संख्या फसवून जाण्याची शक्यता जास्तीत जास्त पाव, म्हणून पाया वाढवत गेलं की धोका झपाट्याने घटतो. या आकाराच्या विषम संख्यांत सरासरी ३५५ मागे एक मूळ असते, त्यामुळे संगणकाला ती क्षणात सापडते. घात होतो तो 'यदृच्छेने' या शब्दाशी : दोन यंत्रांनी चुकून एकच मूळ संख्या निवडली, तर दोन जाहीर गुणाकारांचा मसावि काढून दोन्ही किल्ल्या फुटतात.

मूळ संख्या नेहमी गुप्तच असते असंही नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांच्या कुलुपात २^२५५ − १९ ही ७७ अंकी मूळ संख्या आहे, आणि ती सर्वांना ठाऊक आहे. गुप्त असतो तो वेगळा आकडा. ही संख्या निवडायचं कारण १२७ च्या उदाहरणात आलंच आहे : २^२५५ ची बाकी १९ येते, म्हणून भागाकाराऐवजी डावा भाग १९ ने गुणून मिळवला की काम होतं.

मूळ संख्यांवर काम केलेलं कोणी गोमंतकीय आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पणजी

दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यात. पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र. इतिहासकार म्हणून ते तुला माहीत असतील, पण पेशाने ते गणिती होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. उत्तरायुष्यात मूळ संख्यांच्या वाटपाकडे ते संभाव्यतेच्या अंगाने पाहत होते, आणि त्यावर त्यांनी एस. ड्युक्रे या टोपणनावानेही लिहिलं. मूळ संख्यांच्या वाटपाशी निगडित, अजून सिद्ध न झालेल्या रीमान गृहीतकाबद्दलचा त्यांचा युक्तिवाद मान्य झाला नाही. तरी विषम-सम, मूळ-संयुक्त असा ठाम नेम असलेल्या संख्यांना संख्याशास्त्राची हत्यारं लावून बघायचं धाडस आम्हाला मोलाचं वाटतं.

याच देशातलं अलीकडचं काम वाचायचं असेल तर २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली कसोटी बघ. कुठल्याही संख्येला लागू, कुठल्याही गृहीतकाशिवाय, आणि अंकांच्या मानाने बहुपदी वेळात (म्हणजे लागणारा वेळ अंकसंख्येच्या एका ठरावीक घाताच्या मर्यादेत ठेवून) पक्का निर्णय देणारी ती पहिली. व्यवहारात ती संथ आहे. विक्रमी मर्सेन संख्यांसाठी अजून ल्युका-लेहमरच.

पुढच्या अंकासाठी

८१९१ = २^१३ − १ वर ल्युका-लेहमर कसोटी हाताने लावा आणि सगळी पदं क्रमाने कळवा. पायऱ्या ११. भागाकार न करता ८१९२ चे गट पाडून करा. तिसऱ्या पायरीला ४८७० आणि दहाव्या पायरीला १२८ यायला हवेत. १२८ आले नाहीत तर मागे जाऊन २ वजा करायचे कुठे राहिले ते शोधा.